लाकूड विका, पण जरा जपून!

हॉस्टेलवर लॅन लागली की 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये एक आरोळी हमखास ऐकू येते, "अरे, सोनं संपलं!" मग तो गडी मार्केटवर जातो आणि लाकूड विकत सुटतो. तिथेच गेम हातातून जातो, आणि का जातो हे त्याला कळतही नाही.

हिशोब साधा आहे. सुरुवातीला १०० लाकडाचा भाव १०० सोनं. पण मार्केट ३० टक्के कापून घेतं. विकलं तर हातात ७०, विकत घ्यायचं तर मोजा १३०. शिवाय प्रत्येक विक्रीला मूळ भाव ३ ने उतरतो. म्हणजे १०० अन्न हवं असेल तर २०० लाकूड विकावं लागतं. सलग दहाव्या वेळी बटण दाबता तेव्हा ७० चे ५१ झालेले असतात.

खरी गंमत पुढे आहे. हा भाव सगळ्या खेळाडूंना एकच असतो. समोरच्याने लाकूड विकलं की तुमचंही लाकूड स्वस्त. आणि नुसतं थांबून भाव वर येत नाही, कोणीतरी विकत घेतलं तरच येतो. म्हणून किल्ले बांधायचे नसतील तर दगड लवकर विकावा (त्याचा भाव १३० पासून सुरू होतो, हातात ९१ पडतात). आणि मधूनमधून मार्केटवर नुसती नजर टाकावी. तुम्ही काही न विकता अन्नाचा भाव पडलाय? मग कोणीतरी अन्न विकून सोनं जमवतोय, सावध व्हा!

आमच्या घरी जुन्नर तालुक्यात टोमॅटो असतो, त्यामुळे हे गणित मला गेमच्या आधीच पाठ होतं. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. तो पाहून आमच्याकडे ज्याने त्याने लागवड केली. सप्टेंबरपर्यंत भाव पार कोसळला, तोडणीची मजुरीसुद्धा अंगावर आली. सगळ्यांनी एकाच वेळी 'विका'चं बटण दाबलं, दुसरं काय! फरक एवढाच की गेममधलं लाकूड सडत नाही. तोडा झालेला टोमॅटो मात्र दोन-तीन दिवसांत गेलाच पाहिजे, मग व्यापारी बोलेल तो भाव. फळभाज्यांची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असते, पण भाव पडला की त्या सवलतीचं काय करायचं?

गेममध्ये 'गिल्ड्स' हे संशोधन केलं की कपात ३० वरून १५ टक्क्यांवर येते. गिल्ड म्हणजे आपली श्रेणी, एका धंद्यातल्या लोकांचा संघ. जुन्नरच्या लेण्यांमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत धान्यविक्रेते, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणी आहेत. लोक त्यांच्याकडे ठेवीही ठेवत. म्हणजे नाणेघाटातून माल उतरत होता त्या काळात इथला धान्यविक्या एकटा नव्हता. आज टोमॅटोवाला क्रेट घेऊन एकटाच उभा असतो.

आमच्याकडे आता अर्ध्या रानात कांदा करतात. तो निदान बराखीत थांबतो.