डोळे मिटण्याआधी

सांगली जिल्ह्यात आघात म्हटलं की ऑगस्ट 2019 चा महापूर आणि ब्रह्मनाळची उलटलेली बोट आठवते. याच जिल्ह्यातल्या कवठे महांकाळची रड आजवर पाण्याच्या तुटवड्याची. पण मनाला घाव बसायला पूरच यावा लागतो असं नाही. महामार्गावरचा अपघात, घडांनी लगडलेल्या द्राक्षबागेवरची गारपीट, कर्जापायी घरच्या कर्त्या माणसानं संपवलेलं आयुष्य. महिने लोटतात, तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की छाती धडधडते. घरचे म्हणतात, धसका घेतलाय, जाईल हळूहळू. कुणी अंगारा लावतं, तर कुणी मोबाइलवर बघून ध्यानाला बसवतं.

अंगाऱ्याचं सोडा, ध्यानाबाबतही सावध राहायला हवं. ‘डोळे मीट आणि श्वासाकडे बघ’ हे एरवी ठीक. धसका घेतलेल्या माणसानं श्वासाकडे लक्ष दिलं की त्याला नेमकी ती धडधडच जाणवते, आणि मिटल्या डोळ्यांपुढं तोच प्रसंग उभा राहतो. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयात सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखणी आणि ताण यांच्यासाठी. आघात सोसलेल्यांसाठी त्यात काय बदलावं, हे डेव्हिड ट्रेलेव्हन यांनी 2018 च्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडे विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची विचारपूस असते, ती उगाच नव्हे.

बदल तसे साधेच. डोळे उघडे ठेवायचे. लक्ष श्वासाऐवजी बाहेर न्यायचं: पायाखालची फरशी, हातातला गार तांब्या, खोलीतल्या निळ्या वस्तू. तेही मिनिट-दोन मिनिटं. त्रास वाढला तर तिथंच थांबायचं, त्यात कमीपणा नाही. आत्ता, इथं धोका नाही, हे शरीराला हळूहळू पटत जातं. मग उपचारात त्या प्रसंगाबद्दल बोलताना माणूस त्यातच वाहून जात नाही. सजगतेचं काम एवढंच. मूळ उपचार वेगळा: जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये शिफारस केली ती आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी) आणि ईएमडीआर या डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणाऱ्या उपचाराची. नुसत्या ध्यानानं बरं करतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

ऐकणाऱ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. रोज असली दुःखं ऐकून समुपदेशकाचीही झोप उडते, चिडचिड होते, कधी काहीच वाटेनासं होतं. दोन भेटींच्या मध्ये पाय टेकवून शांत बसणं, खांदे आवळलेत का ते पाहणं याचा उपयोग होतो. पण जाणत्या सहकाऱ्याशी नियमित बोलणं नसेल, रुग्णांच्या संख्येला मर्यादा नसेल, तर ती वरवरची मलमपट्टी ठरते. गावात हे सगळं आधी ऐकते ती आरोग्याचं काम करणारी आशाताई. तिचीही विचारपूस व्हायला हवी.

उपचारासाठी मिरज-सांगली गाठणं प्रत्येकाला जमत नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे: 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही. महिना उलटूनही धसका जात नसेल तर फोन लावा. जीव द्यावासा वाटत असेल, तर महिन्याची वाट बघू नका.