शेजार, कुंपण आणि कॅमेरा



शाळेंत भूगोल शिकवितांना मीं मुलांकडून देशोदेशींच्या सीमा काढून घेतल्या. परंतु माझ्या स्वतःच्या परसाची सीमा कोठें संपते, हें मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतें. तें जाणून घेण्याची वेळ आली, तेव्हां पंचवीस वर्षांचा शेजार तुटावयास आला होता.

आमच्या दोन घरांमध्यें मेंदीचें कुंपण आणि त्याला लागून माझा शेवगा. त्याच्या फांद्या शेजाऱ्यांच्या अंगणावर गेल्या. पावसाळ्यांत केसाळ सुरवंट त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडूं लागले. त्यांनीं दोनदां सांगितलें. मीं हंसून सोडून दिलें. अखेर एके दिवशीं त्यांनीं फांद्या छाटल्या व कुंपणहि आमच्या बाजूस सरकविलें. मीं नको तें बोललों. पुढील आठवड्यांत त्यांच्या भिंतीवर कॅमेरा आला. त्याचें तोंड आमच्या न्हाणीघराच्या दाराकडे होतें. सूनबाईंनीं मागील दार उघडणेंच सोडलें.

अशा वादांत तीन प्रश्न एकमेकांत गुंततात : हद्द, झाड आणि नजर. ते वेगळे केले म्हणजे निम्मा राग उतरतो.

प्रथम हद्द. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. शहरांत हद्दीचा आधार म्हणजे सिटी सर्व्हेचा नकाशा व मिळकत पत्रिका. शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या मालकांना सूचना जाते, भूमापक येऊन खुणा दाखवितो. यालाच ‘हद्द कायम’ मोजणी म्हणतात. मात्र फार काळ स्वस्थहि बसूं नये. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें दुसऱ्यानें आपली जागा उघडपणें व आपला हक्क नाकारून बारा वर्षें ताब्यांत ठेविली, तर ती परत मागण्याचा हक्क जाऊं शकतो. नुसत्या सलोख्यानें होऊं दिलेला वापर हा असा ताबा नव्हे.

दुसरें झाड. फांदी आपल्या जागेवर आली तर शेजाऱ्याच्या आवारांत पाऊल न टाकतां ती हद्दीपर्यंत छाटावी, असा जुना न्याय आहे. लाकूड व शेंगा मात्र झाडाच्या मालकाच्या. परंतु महाराष्ट्रांतील शहरांना १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि त्यांत ‘झाड तोडणें’ या शब्दांत झाडाला कोणतीहि इजा करणें येतें. म्हणून कोयता उचलण्यापूर्वीं पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांस विचारावें. आम्हां दोघांपैकीं कोणींच तें केलें नव्हतें.

तिसरी नजर. हा वाद कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमांत रूढीनें मिळणाऱ्या हक्कांचें एक उदाहरण दिलें आहे : ज्या गांवीं तशी रूढी असेल, तेथें शेजाऱ्याच्या घराचा सामान्यतः परक्या दृष्टीआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडतां येत नाहीं. १८८८ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें हा हक्क मान्य केला. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ चा व्यक्तिगत माहितीविषयींचा कायदा घरगुती कारणासाठीं ठेवलेल्या माहितीला लागू होत नाहीं, हें खरें. परंतु स्त्रीचें खाजगी क्षणीं चित्रण करणें हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडांत २०२१ सालीं ऑक्सफर्डच्या कौंटी न्यायालयानें एका गृहस्थाच्या कॅमेऱ्यांविषयीं शेजारणीच्या बाजूनें निकाल दिला. त्यांत दूरवरचें बोलणें टिपलें जाणें हें न्यायाधीशांस विशेष आक्षेपार्ह वाटलें. आपलें दार राखण्याचा हक्क प्रत्येकास आहे. दुसऱ्याचें दार राखण्याचा नाहीं.

आतां आमचें काय झालें तें सांगतों. मोजणी मींच मागविली. भूमापकानें खुणा केल्या आणि मला मान खालीं घालावी लागली. मूळचें कुंपण सव्वा फूट शेजाऱ्यांच्या जागेंत होतें. त्यांनीं सरकविलें तें त्यांच्याच हद्दीपर्यंत. वकील म्हणाले, “बारा वर्षांचा मुद्दा घेऊन भांडतां येईल.” मीं त्यांचे आभार मानले आणि संध्याकाळीं शेजाऱ्यांकडे गेलों.

प्रथम मीं शेवग्याबद्दल क्षमा मागितली. मग कॅमेऱ्याविषयीं बोललों. त्यांनीं तेथेंच मोबाइलवर चित्र दाखविलें आणि आमचें दार त्यांत पाहून तेच ओशाळले. ते रात्रपाळीस जात, घरीं पत्नी एकटी, आळींत चोरी झालेली. त्यांना हवी होती ती केवळ स्वतःची भिंत. कॅमेरा खालीं वळविला, आमच्या बाजूचा भाग चित्रांत काळा केला आणि आवाजाची नोंद बंद केली. या सर्वांस अर्धा तासहि लागला नाहीं.

म्हणून माझें सांगणें एवढेंच : कॅमेरा बसवावयाचा असेल तर त्यांत दिसणारें चित्र प्रथम शेजाऱ्यांस दाखवावें, जें ठरेल तें कागदावर लिहून दोघांनीं सही करावी, आणि न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या घराची पायरी चढावी. पंचवीस वर्षांचा शेजार सव्वा फुटासाठीं घालवूं नये. आणि तो सव्वा फूट आपलाच आहे, असें मोजणीपूर्वीं तर मुळींच समजूं नये.