पाठ मोडून घ्यायची की चालायला लागायचं?

मोबाइलवर पाठदुखीचा एखादा व्हिडिओ पाहिला की पुढचे आठ दिवस तसलेच व्हिडिओ समोर येत राहतात. माणूस बाकावर कुशीवर झोपलेला, वरचा गुडघा पोटाशी घेतलेला. उपचार करणारा एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवतो, अंगाचा ताण जोखतो आणि एक झटका देतो. ‘कट्-कट्’ आवाज येतो. माणूस उठून बसतो आणि ‘एकदम मोकळं वाटतंय’ म्हणून हसतो. मुंबई-पुण्यात अशा झटक्याच्या उपचाराच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या, पाट्याही आता दिसू लागल्या आहेत. साहजिकच पाठ धरलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपणही एकदा मोडून घ्यावी का?

झटक्याने दुखणं पळवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. कमरेत उसण भरली की गावात पायाळू माणसाचा शोध घेतला जायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. अनेकांना गुण यायचा हेही खरं, कारण साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआपच ओसरते. दुखणं अगदी असह्य झालं की आपण इलाजाला धावतो. त्यानंतर ते उतरणारच असतं, पण श्रेय पायाला मिळतं. कुठलाही उपचार पारखताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करत असे. १८९५ मध्ये त्याने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून ‘जागेवर बसवला’ आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, अशी या पंथाची जन्मकथा. कानाची नस कवटीच्या आत असते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही. त्यामुळे वैद्यकशास्त्राने ही कथा कधीच मान्य केली नाही. पामरने मात्र त्यावर सिद्धान्त उभा केला. मणके किंचित सरकल्यामुळे मज्जातंतू दबतात आणि बहुतेक सगळे आजार त्यातूनच होतात, असं तो म्हणे. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली आणि १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगही पाहिला. पुढे अमेरिकेतली डॉक्टरांची संघटना आणि कायरोप्रॅक्टर यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. १९८७ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा ठरवला. ‘सगळे आजार मणक्यातून’ हा दावा मात्र त्यामुळे सिद्ध झाला नाही.

मग तो ‘कट्’ आवाज कसला? मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांत वंगणासारखा द्रव असतो. झटक्याने सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांपासून दुरावले की आतला दाब घटतो आणि द्रवातल्या वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना हेच घडतं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही. झटक्यानंतर आखडलेले स्नायू काही काळ सैलावतात आणि वेदनेची जाणीव मंदावते. मोकळं वाटतं ते त्यामुळे.

फायदा होतो का? होतो, पण बेताचा. ‘जामा’ या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत अशा उपचाराने सहा आठवड्यांपर्यंत वेदना शंभराच्या मापावर सरासरी दहा अंकांनी कमी झाली. जुनाट कंबरदुखीत हा उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपायांच्या बरोबरीचा ठरला, त्यांच्याहून सरस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि मानसिक आधार यांच्या जोडीला मणक्यांवरच्या हस्तोपचारालाही जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं नेहमीचे उपाय म्हणून वापरू नयेत, असंही त्यांत म्हटलं आहे. आपल्याकडे घरोघरी हे दोन्ही आढळतात!

मानेची गोष्ट वेगळी. मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. जोरदार झटक्याने त्यांच्या भिंतीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. असं क्वचितच होतं, पण झालं तर आयुष्यभराचं नुकसान होतं. म्हणून डोक्याच्या मालिशनंतर सलूनमध्ये मान मोडून घेण्याची हौस सोडलेलीच बरी. हाडं ठिसूळ झालेल्यांनी झटक्याच्या वाटेला जाऊच नये. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे समोरच्याचं शिक्षण कुठे आणि किती वर्षं झालं हे विचारायला संकोच नको. पहिल्याच भेटीत चाळीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याकडून सरळ उठून यावं.

एमआरआयच्या अहवालानेही हातपाय गाळू नयेत. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही, अशा पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसते. ती बरीचशी पांढऱ्या केसांसारखी, वयाची खूण असते.

या चकत्यांचं काम समजलं की सवयींचं महत्त्व आपोआप पटतं. दोन मणक्यांमधल्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडतो, सुटतो, द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणजे हालचाल हाच तिचा खुराक. एका जागी तासन्‌तास बसलेल्या माणसाची पाठ कुरकुरते ती यामुळेच. बसण्याची एकच आदर्श पद्धत शोधत बसण्यापेक्षा अर्ध्या तासाने उठावं, पाणी प्यावं, फोन उभ्याने घ्यावा.

रात्रभर आडवं राहिल्यावर चकत्या पाण्याने फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा वेळी खोल वाकल्यास त्यांच्यावर ताण अधिक येतो, आणि आपल्या घरांत वाकून झाडणं, फरशी पुसणं, हंडे-बादल्या भरणं हे सगळं नेमकं पहाटेच चालतं. उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास वाकण्याची कामं टाळता आली तर टाळावीत. झाडूला लांब दांडा लावला तरी बराच फरक पडतो.

स्वयंपाकाचं भरलेलं सिलिंडर साधारण तीस किलोचं असतं. ते एकट्याने उचलून कमरेत वळणं म्हणजे उसणीला आमंत्रण. वजन पोटाशी घ्यावं आणि वळायचं तेव्हा पावलं वळवावीत. त्याहून बरं म्हणजे दोघांनी धरावं किंवा ते चाकांच्या स्टँडवर ठेवावं.

कंबर दुखली की फळीवर झोपायचा सल्ला हमखास मिळतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. अंथरूण धरून राहण्याचाही फायदा नाही. दुखणं तीव्र असेल तर एक-दोन दिवस विसावा घ्यावा, शेक घ्यावा आणि जमेल तसं हिंडूफिरू लागावं.

सगळ्यात स्वस्त औषध चालण्याचं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं होतं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे उद्दिष्ट. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी.

काही लक्षणं दिसली तर मात्र ना झटका, ना चालणं. थेट डॉक्टर गाठावा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, ही तातडीने रुग्णालयात जाण्याची कारणं आहेत. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतरचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना यांकडेही दुर्लक्ष नको.

एवढं तपासून घेतल्यावर जाणकार हाताने कंबर मोकळी करून घ्यायला हरकत नाही. पण दोन-चार बैठकांत फरक पडला नाही तर थांबावं आणि पडला तर त्या मोकळेपणाचा उपयोग चालण्या-व्यायामाला लागण्यासाठी करून घ्यावा. जो उपचार आपल्याला पुन्हा पुन्हा त्याच बाकावर बोलावतो, तो पाठीच्या कामाचा नाही.