विस्कळीतपणात अडकलेला प्रकाश

दिवाळीच्या सुमारास पुसद तालुक्यात पराटी फुटते आणि शिवार पांढरे होते. त्या कापसात पांढरा रंग मात्र कुठेच नसतो. एक तंतू सुटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो जवळजवळ पारदर्शक दिसतो. बोंडात असे असंख्य तंतू कसेही गुंतलेले असतात. प्रत्येक तंतूच्या कडेला प्रकाश थोडा वळतो, थोडा मागे फिरतो. असा अनेकदा विखुरून तो बाहेर पडतो, तेव्हा सगळे रंग सारखेच परत आलेले असतात. म्हणून कापूस पांढरा. भिजल्यावर तो मळकट दिसतो, कारण तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेते आणि विखुरणे कमी होते.

कापसातून प्रकाश भटकत का होईना, सुटतो. पण १९५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी इलेक्ट्रॉनांविषयी दाखवले, की पुरेशा विस्कळीत पदार्थात त्यांची लहर पसरायचीच थांबते. पुढे १९७७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. १९८० च्या दशकात सजीव जॉन यांनी हाच विचार प्रकाशाला लावला.

लहर अडकते कशी? फिरून मूळ जागी येणारी प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी चालता येते. पांदणीने जाऊन डांबरी रस्त्याने परतले काय किंवा उलट, अंतर तेवढेच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आलेल्या लहरी एकाच तालात भेटतात, एकमेकींना बळ देतात आणि परतण्याची शक्यता वाढते. दोन विखुरण्यांमधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीइतके आखूड झाले, की परतणेच वरचढ ठरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. कापसाचा तंतू त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणून कापूस प्रकाश विखुरतो, कोंडत नाही.

तंतूंऐवजी बारीक भुकटी घेतली, तरी नुसत्या भुकटीत तिन्ही मितींमध्ये प्रकाश कोंडणे फार अवघड. १९९७ मध्ये अर्धवाहकाच्या भुकटीत ते साधल्याचा दावा झाला, पण भुकटीने प्रकाश शोषल्यानेही तसाच परिणाम दिसू शकतो, असा आक्षेप आला. म्हणून संशोधक आधी नॅनोमीटरच्या मापाची शिस्तबद्ध रचना करतात आणि तिच्यात मोजका विस्कळीतपणा मिसळतात. शिस्तीमुळे प्रकाश मंदावतो, विस्कळीतपणामुळे जागीच थांबतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांचा गट याच विषयावर काम करतो. अशा अडकलेल्या प्रकाशाला वाढवणारे माध्यम दिले, तर आरशांशिवाय लेझर मिळतो.

घडणीतली बारीक चूक आजवर कारागिराचा दोष मानली गेली. मोजून मापून केलेली तीच चूक प्रकाशाला धरून ठेवण्याचे साधन होते. नियम समजला, की विस्कळीतपणाही कामाला लावता येतो.