कार्बनचा अंगरखा

गेल्या महिन्यात पुतण्याबरोबर पिंपरीतल्या एका सायकलच्या दुकानात गेलो होतो. दर रविवारी पहाटे तो मित्रांबरोबर लोणावळा गाठतो, खोपोलीपर्यंत उतरतो आणि पुन्हा घाट चढून येतो. त्याला हवी होती ‘स्टेम’, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा आखूड दांडा. दुकानदाराने दोन नमुने काढले. एक साधा ॲल्युमिनियमचा. दुसरा काळाभोर, चटईसारखी वीण असलेला, वर चकचकीत लॅकर. किंमत जवळजवळ दुप्पट.

‘‘काका, कार्बन आहे!’’ पुतण्याचे डोळे लकाकले.

माझी सारी नोकरी इथल्याच एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. वस्तू उलटी करून पाहायची खोड अजून सुटलेली नाही. उलटी केली, तर आतून पांढरे ॲल्युमिनियम! हाडे ॲल्युमिनियमची, कार्बनचा नुसता अंगरखा. वजनकाट्यावर ठेवली, तर साधीपेक्षा ही चार ग्रॅम जडच भरली.

कार्बनला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने चार हजार मीटर पाठलाग शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले, ते कार्बनच्या एकसंध सांगाड्याच्या सायकलीवर. केसाच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक तंतू इपॉक्सीत भिजवून थरावर थर रचले, की पोलादाच्या पाचव्या हिश्शाइतक्या वजनात तेवढ्याच आकाराची वस्तू होते. जोर जिकडून येणार त्या दिशेने तंतू घालायचे, यात सारे कसब. तिथे भार तंतू वाहतात. अंगरख्यात मात्र एकच पातळ थर, तोही शोभेच्या विणीचा. भार खालच्या ॲल्युमिनियमलाच वाहायचा असल्याने ते पातळ करता येत नाही. काही कारखानदार धातू कमी करून कार्बनला खरोखर कामाला लावतात, हे मान्य. पण तसे असेल तर ते काट्यावर दिसायला हवे.

आणि वजन वाचले तरी किती? समजा, स्वार, सायकल आणि पाणी मिळून ऐंशी किलो झाले. स्टेममध्ये चाळीस ग्रॅम वाचले, तर तो एकूण वजनाचा दोन हजारावा भाग. मुंबई-पुणे शर्यतीचा ‘घाटाचा राजा’ ज्या बोरघाटात ठरतो, तो चढायला आमच्या पुतण्याला तास लागला, तर बचत होईल दोन सेकंदांची! शर्यतवाल्याला दोन सेकंद मोलाचे. रविवारच्या स्वाराने अर्धा लिटर पाणी कमी घेतले, तरी याच्या बारापट वजन वाचते.

माझी खरी धास्ती वेगळीच होती. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे हादरे खाऊन थकते आणि त्याला बारीक तडा जातो. आमच्या विभागात अशा भागावर लाल द्रव लावायचा, पुसायचा आणि पांढरी पूड मारायची. तडा असेल तर लाल रेघ उमटे. आधी तपासणी, मग रंग, हा नियम. उघडा धातू निदान फडक्याने पुसताना तरी डोळ्यांना दिसतो. अंगरख्याखालचा तडा कोण पाहणार? शिवाय कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट घाम शिरला, की ॲल्युमिनियम गंजते. म्हणून चांगले कारखानदार दोघांच्या मध्ये काचतंतूचा थर देतात. इथे तो दिला आहे की नाही, हे दुकानदारालाही सांगता येईना. घाट उतरताना हँडल हातात सुटून आले, तर विणीची शोभा काय कामाची?

दिसण्याला मोल नाही, असे मी म्हणणार नाही. भोंग्याच्या वेळेला कारखान्याकडे निघालेल्या आमच्या सायकलींच्या आऱ्यांत रंगीत मणी असत, मुठींना गोंडे असत. पण गोंड्याने सायकल जास्त पळते, असे सांगून आमच्याकडून कोणी पैसे उकळले नव्हते. हौसेचे पैसे हौस म्हणून द्यावेत. ताकदीचे म्हणून देऊ नयेत.

पुतण्याने थोडा वेळ तोंड पाडले. मग साधी स्टेम घेतली आणि उरलेल्या पैशांत ब्रेकचे नवे रबर आणि पुढचा टायर. पुढच्या रविवारी घाट उतरून आला, तेव्हा स्टेमबद्दल चकार शब्द बोलला नाही. ‘‘ब्रेक मात्र झकास लागतो, काका,’’ एवढेच म्हणाला.