जमिनीबरोबर वाटही

यंदाच्या स्मरणिकेसाठी बालआरोग्यावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह होता. लसीकरण, आहार, अतिसार या विषयांवर आजवर पुष्कळ लिहून झाले. या वेळी वाचकांची क्षमा मागून मी थोडी आडवाट धरणार आहे. विषय आहे जमिनीचा. दान दिलेल्या जमिनीवर राष्ट्राचे स्मारक कसे उभे राहते आणि उभे राहिल्यावर ते टिकते कसे, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर वडिलोपार्जित जमिनी आहेत. तेव्हा हा अनुभव कुणाच्या तरी उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

माझे माहेर डिचोली तालुक्यातील सुर्ला. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते खाणींमुळे. जाणकार मात्र सुर्ला-तारच्या जुन्या मशिदीचे आणि तिच्या तळीचे नाव घेतात. त्या मशिदीला राज्याचे संरक्षण आहे. जवळच कुडणे येथे गुजीर जैन मंदिराचे अवशेष आहेत आणि नार्व्याला १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. एवढ्याशा परिसरात तीन धर्मांचा इतिहास असा शेजारी शेजारी नांदतो आहे.

आमच्या काजूच्या मरडावर चिऱ्यांनी बांधलेली एक पडकी तळी आहे आणि तिच्या काठाला अर्धा जमिनीत गाडलेला एक वीरगळ. नौकायुद्ध कोरलेले कदंबकालीन वीरगळ पणजीच्या राज्य संग्रहालयात पाहायला मिळतात. आमचा दगड इतका झिजलेला की त्यावर हात उगारलेली एक आकृती तेवढी कळते. बाबा दर दिवाळीला तिथे पणती ठेवीत. खाणीच्या भरभराटीच्या दिवसांत त्या मरडाला मोठी किंमत सांगून माणसे आली होती. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "तो दगड कुणा एकाचा होऊ देऊ नको." त्यांच्या मनातला अर्थ कळायला मला बराच काळ लागला.

बाबांच्या मागे ती जागा सरकारला किंवा एखाद्या संस्थेला दान देऊन तिथे छोटे ऐतिहासिक उद्यान व्हावे, अशी कल्पना मीच मांडली. त्या वेळी डोळ्यांसमोर पुण्याचा आगाखान पॅलेस होता. एम.डी.साठी पुण्यात असताना तिथल्या दोन समाधींपाशी मी अनेक संध्याकाळ बसले आहे. डॉक्टरांनी तर ती जागा जरूर पाहावी, कारण तिचा इतिहास हा दोन रुग्णांचाही इतिहास आहे.

हा वाडा १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधला. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे, हाही बांधकामामागचा एक हेतू होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' ठरावानंतर गांधीजींना अटक करून तिथे ठेवण्यात आले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. त्यांचे वय पन्नास होते. सहबंदी डॉ. सुशीला नय्यर यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. दीड वर्षाने कस्तुरबांची पाळी आली. हृदय आधीच दुबळे झालेले, त्यात न्यूमोनिया. पेनिसिलिन तेव्हा अगदी नवे आणि दुर्मिळ. पुत्र देवदास यांच्या खटपटीने ते कलकत्त्याहून विमानाने आले. परंतु दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी संमती दिली नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला. त्या निर्णयाबद्दल आपण डॉक्टर आजही वाद घालू शकू. मुलांच्या न्यूमोनियात पेनिसिलिनने केलेले काम रोज पाहणाऱ्या माझ्यासारखीला तो प्रसंग आठवला की अजून अस्वस्थ व्हायला होते.

दोघांचेही दहन वाड्याच्या आवारातच झाले. ६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. सुटकेच्या त्या दिवशी त्यांनी सरकारला लिहिलेल्या पत्राचा विषय होता हीच जमीन. दहनभूमी सरकारने मिळवावी आणि आप्तेष्टांना तिथे केव्हाही जाता यावे म्हणून आगाखानांच्या आवारातून जाण्या-येण्याचा हक्क ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. अशा कामासाठी कायद्याने सक्तीने जमीन घेता येत नाही, आगाखानांशी परस्पर बोलावे, असे उत्तर आले. पुढे १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी समाधीपुरता तुकडा न देता सारा वाडाच भारतीय जनतेला अर्पण केला. त्या दात्याचे २०२५ साली निधन झाले.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झाले असते. पण दानानंतरची वर्षे अवघड गेली. १९७४ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी भेट देऊन देखभालीसाठी वार्षिक निधीची व्यवस्था केली. पुढे ती व्यवस्था विस्कळीत झाली आणि वास्तूची दुर्दशा पाहून १९९९ च्या जुलैमध्ये पुण्यात रेल्वे स्थानकाजवळच्या गांधी पुतळ्यापाशी नागरिकांना निदर्शने करावी लागली. २००३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केली. दान आणि ही घोषणा यांच्यात चौतीस वर्षे गेली! आपल्या क्षेत्रातले उदाहरण द्यायचे तर प्रसूती सुखरूप झाली, पण बाळाचे पुढचे डोस कुणी द्यायचे हे कार्डावर लिहिलेच नव्हते.

मुलगी बोस्टनला शिकत असताना तिच्याबरोबर व्हर्माँट राज्यातील वुडस्टॉक गावी गेले होते. तिथे मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. जॉर्ज पर्किन्स मार्श यांचे बालपण तिथे गेले. उजाड झालेल्या डोंगरांचे आणि गाळाने भरलेल्या नद्यांचे दुःख मांडणारा त्यांचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. पुढे फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी ती मालमत्ता विकत घेऊन त्या बोडक्या डोंगरावर पुन्हा झाडे लावली. त्यांची नात मेरी आणि तिचे पती लॉरन्स रॉकफेलर यांनी १९९२ साली घर आणि जंगल राष्ट्राला दिले. हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क त्यांनी करारात राखला होता, आणि जमिनीबरोबर देखभालीसाठी निधीही दिला होता. उद्यान लोकांसाठी खुले झाले १९९८ साली. त्या रानातून चालताना मला सुर्ल्याचे खोदलेले डोंगर आणि पावसाळ्यात तांबडे होणारे ओहोळ आठवत होते. खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगतच्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या छातीतली शिट्टी मी वर्षानुवर्षे स्टेथोस्कोपने ऐकली आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. धूळ खाली बसली तशी अनेक घरांतली मिळकतही बसली. अशा गावात जमिनीविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात.

मी परत आले ती दानपत्राचा मसुदा मनात घेऊन. आपल्या गोव्यात हे काम किती गुंतागुंतीचे आहे, ते वकिलांनी समजावले. नागरी कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच, हा आमचा अभिमानाचा भाग. पण जमीन अविभक्त असेल तर दादा, धाकटा भाऊ आणि मी, शिवाय तिघांचेही जोडीदार, अशा सहा सह्या लागणार. शिवाय मुलांच्या हक्काचा अर्धा भाग, जिला आपण लेजितिमा म्हणतो, तिला धक्का लावून कुणालाही उदार होता येत नाही. सुरुवातीला मला याचा राग आला. आता वाटते, दुसऱ्याच्या वाट्यातून पुण्य करू नये, एवढेच तो कायदा सांगतो.

खरा धडा मात्र एक-चौदाच्या उताऱ्यावर लिहिलेला होता. इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचे नाव होते. तळीपासून हाकेच्या अंतरावर त्या कुटुंबाचे घर आहे. त्यांच्या तीन पिढ्या तिथे गेल्या आणि घरातली दोन मुले माझ्या हातून लस टोचून घेऊन मोठी झाली. माझ्या नकाशात त्या घराच्या जागी वाहनतळ आखलेला होता! घरातली म्हातारी आजी सगळे शांतपणे ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "बाये, आमी खंय वचप?" मला उत्तर देता आले नाही. बाबा दिवाळीला पणती ठेवीत हे मी अभिमानाने सांगत आले होते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या दगडाभोवतीचे गवत कोण कापत होते, हे मी कधी विचारलेच नव्हते. ते काम ती करत होती.

त्या दिवसानंतर आम्ही मसुदा नव्याने लिहिला. पहिले कलम असे की मुंडकाराचे घर आणि त्याभोवतीची जागा आधी त्यांच्या नावावर कायदेशीरपणे करून द्यावी. त्यानंतर तळी, वीरगळ आणि सभोवतीचे मरड, एवढेच दान. रस्त्यापासून तळीपर्यंतची पायवाट दस्तऐवजात स्वतंत्रपणे नोंदवायची, म्हणजे उद्या शेजारची जमीन कुणाच्याही हाती गेली तरी दगडापाशी जाणाऱ्याला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. गांधीजींनी ६ मे १९४४ ला दहनभूमीबरोबर तिच्याकडे जाण्याचा हक्कही का मागितला, ते मला आमच्या मरडावर उभे राहिल्यावर उमगले. शेवटचे कलम देखभालीचे. तिघा भावंडांनी मिळून एक ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून गवत कापणाऱ्याला मजुरी द्यायची. पहिला हक्क आजीच्या घराचा.

आमच्या या उद्यानाला 'राष्ट्रीय' हे विशेषण कधी लागणार नाही. एक तळी, एक दगड, चार काजूची झाडे. पण आगाखान पॅलेस असो वा वुडस्टॉकचे जंगल, देणाऱ्याने जमिनीबरोबर काय काय लिहून दिले आणि काय लिहायचे राहून गेले, यावर त्या जागेचे पुढचे आयुष्य ठरले. आपल्यापैकी ज्यांच्या जमिनीत असा एखादा दगड, एखादी समाधी, एखादे पडके देऊळ असेल, त्यांनी दानाचा विचार जरूर करावा. मात्र त्याआधी एकदा उताऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचावा आणि त्या जागेवरचे गवत कोण कापते, याची चौकशी करावी.

सहापैकी पाच सह्या झाल्या आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे, मुलांचे शिक्षण संपेपर्यंत थांबूया. त्याचे म्हणणे अवाजवी नाही, म्हणून आम्ही थांबलो आहोत. गेल्या दिवाळीला मी सुर्ल्याला गेले तेव्हा पणती आधीच लागलेली होती. आजी पायरीवर बसून माझी वाट पाहत होती.