मुतखडा, दुर्बीण आणि लेसर

सेदानच्या रणांगणावर राज्य गमावून इंग्लंडातील चिझलहर्स्ट येथे विजनवासात राहिलेला फ्रान्सचा पदच्युत बादशहा तिसरा नेपोलियन याच्या मूत्राशयातील खडा फोडण्यासाठी 1873 सालच्या जानेवारीत सर हेन्री थॉम्प्सन या त्या काळच्या अत्यंत नामांकित शल्यविशारदास पाचारण करण्यात आले. ता. 2 व ता. 6 रोजी त्याने मूत्रमार्गातून पोलादी चिमटा आत सारून खडा काही अंशी चिरडला, तिसऱ्या खेपेची तजवीज ता. 9 रोजी केली, आणि त्याच दिवशी, ती शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच, बादशहा निवर्तला. थॉम्प्सनच्या हाताला खडा चिरडण्याचे बळ पुरेपूर होते. नव्हती ती दृष्टी. चिमट्याच्या जबड्यात आला तो खडा की मूत्राशयाचे अस्तर, हे केवळ स्पर्शावरून ताडावे लागे.

मुतखड्यावरील लेसर-शस्त्रक्रियेची वाखाणणी हल्ली जिकडेतिकडे चाललेली असते, आणि ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा लखलखता किरण दगडाचा भुगा करीत असल्याचे चित्र असते. हे चित्र अर्धेमुर्धेच खरे आहे, असे माझे मत आहे. दगड फोडणे ही या विद्येतील सर्वांत अवघड गोष्ट कधीच नव्हती. अवघड होते ते खड्यापर्यंत पोहोचणे, तो डोळ्यांनी पाहणे, आणि तो फुटत असताना त्याच्या सभोवती असलेल्या नाजूक, रक्ताने भरलेल्या अवयवास इजा न होऊ देणे.

आपल्याकडे सुश्रुताने अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगून तिच्या छेदनाचा विधी तपशिलाने लिहिला, परंतु औषधोपचार थकल्यावरच शस्त्र हाती घ्यावे व तेही राजाची अनुज्ञा घेऊन, असा निर्बंधही घातला. कारण शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास जीविताचा संशय, हे त्याला पक्के ठाऊक होते. ग्रीक वैद्यांच्या हिपोक्रेटिसप्रणीत शपथेत तर खड्यासाठी शस्त्र चालवणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोपवीन, असे वचनच आहे. मात्र हा सारा खटाटोप मूत्राशयातील खड्यापुरता होता. धान्यावरच पोसलेल्या गरीब मुलांना पूर्वी तो सर्रास होई. जसजशी अन्नाची स्थिती सुधारली तसतसा तो मागे पडला, आणि त्याच्या जागी मूत्रपिंडातला खडा बळावला. मूत्रपिंड पडले पाठीच्या स्नायूंआड, बरगड्यांच्या आश्रयाला. तिथवर चिमटा नेणार कुठून?

पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात ज्यां सिव्हियाल याने 1824 सालच्या जानेवारीत पोट अथवा शिवण न फाडता मूत्रमार्गानेच मूत्राशयातील खडा फोडून दाखवला, तेव्हा नैसर्गिक वाटेने आत शिरण्याचा मूलमंत्र सिद्ध झाला. परंतु त्याच वाटेने पुढे मूत्रपिंडापर्यंत जाण्यास आणखी दीडशे वर्षे लागली. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी नलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर रुंद. काचतंतूंची लवचिक दुर्बीण मार्शल नावाच्या शल्यविशारदाने 1964 साली या नलिकेत घातली खरी, परंतु तिच्यातून केवळ पाहता येई, काही करता येत नसे. आजची दुर्बीण सुमारे 3 मिलिमीटर जाडीची असून तिचे टोक 270 अंशांपर्यंत वळते, आणि तिच्या पोटात सव्वा मिलिमीटरची जी पोकळ वाट असते तिच्यातूनच पाणी आत जाते व हत्यारही. एवढ्या वाटेतून जाऊ शकेल असे हत्यार कोणते, हाच खरा प्रश्न होता, आणि लेसरचे माहात्म्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मध्यंतरी एक निराळाच इलाज निघाला. विमाने बांधणाऱ्या डॉर्निए या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञांनी आघातलहरींचा अभ्यास केला होता. त्याचा आधार घेऊन ख्रिस्तियन शाउसी व त्याच्या सहकाऱ्यांनी 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्यूनिकमध्ये एका रुग्णाचा खडा शरीरास कोठेही छेद न देता, बाहेरून सोडलेल्या लहरींनी फोडला. हा उपाय आजही टाकाऊ झालेला नाही. परंतु फुटलेले तुकडे बाहेर पडण्याचा भरवसा त्यात रुग्णाच्या शरीरावर टाकलेला असतो, आणि कठीण खडे त्या लहरींना दाद देत नाहीत.

थिओडोर मेमन याने माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर 16 मे 1960 रोजी निर्माण केला, आणि आठच वर्षांनी, 1968 साली, मल्व्हेनी व बेक या संशोधकांनी त्याच माणिक-लेसरने खडा फोडून पाहिला. खडा फुटला, पण उष्णता इतकी निघाली की सजीव देहात तो प्रयोग करण्याची मुभा कोणीही दिली नसती. पुढे 1980 नंतरच्या दशकात रंगद्रव्यावर चालणारा 504 नॅनोमीटरचा हिरवा लेसर आला. तो खड्यावर चाले व ऊतींना सहसा इजा करीत नसे, परंतु सिस्टीनच्या खड्यापुढे तो निष्प्रभ ठरे, आणि यंत्राची बडदास्त फार ठेवावी लागे. खरा पालट केला तो 1990 नंतरच्या होल्मियम लेसरने. त्याची तरंगलांबी 2100 नॅनोमीटर, म्हणजे तो मानवी नेत्रास मुळी दिसतच नाही. डॉक्टरला दिसतो तो केवळ रोख धरण्यासाठी सोबत सोडलेला रंगीत ठिपका. पाणी या प्रकाशाला झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरपलीकडे त्याचा प्रभाव उरत नाही, आणि जवळचे अस्तर पाण्याच्या याच गुणामुळे बचावते. दुर्बिणीच्या पोकळ वाटेतून हा प्रकाश आत नेणाऱ्या काचतंतूच्या टोकाशी क्षणमात्र वाफेचा बुडबुडा उठतो, त्या पोकळीतून उरलेला प्रकाश खड्यावर पडतो, खड्याच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तापते व खडा तिथल्या तिथे विघटित होऊन ढासळतो. काचतंतूचा गाभा अवघा 200 मायक्रॉन, म्हणजे पाण्याला व दुर्बिणीच्या वळणाला अडसर नाही. युरिक आम्लाचा खडा असा फोडताना अल्पांशाने सायनाइड तयार होते असे प्रयोगशाळेत आढळून काही काळ खळबळ उडाली होती; सोबत वाहणारे पाणी ते धुऊन नेत असल्याने रुग्णांना त्याची बाधा झाली नाही.

हत्यार एक, पण चालवण्याच्या रीती दोन. मोठ्या ऊर्जेचे थोडे आघात दिले तर खड्याचे तुकडे होतात, जे मग तारेच्या जाळीने वेचून काढावे लागतात. आणि पाथरवट जात्याला टाकी लावताना हलक्या हाताने भराभर ठोकतो तसे अल्प ऊर्जेचे, सेकंदाला पन्नास-ऐंशी आघात दिले तर खड्याचा भुगा होतो व तो लघवीवाटे निघून जातो. आता आलेला थुलियम-तंतू-लेसर 1940 नॅनोमीटरचा असून पाणी त्याला सुमारे चौपट अधिक शोषते. त्याने भुगा अधिक बारीक होतो. परंतु वेगाचा मोह पडून शक्ती वाढवीत गेले आणि पाण्याचा प्रवाह अपुरा राहिला, तर मूत्रपिंडातील पाणी थोड्याच अवधीत 43 अंशांपलीकडे तापून ऊतींना अपाय होतो. आणि पाणी फार दाबाने सोडले, तर दूषित मूत्र रक्तात शिरून जंतुसंसर्ग बळावतो. लघवीची जंतुपरीक्षा आधी करण्याचा आग्रह डॉक्टर धरतात तो याचसाठी. ती परीक्षा टाळून तारीख ठरवा म्हणणारा रुग्ण स्वतःचाच वैरी होय.

लेसर प्रत्येकास हवाच, असेही नाही. चार मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपण होऊन पडतो. युरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता घटवणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. आणि मूत्रपिंडात दोन सेंटिमीटरहून मोठा खडा असल्यास पाठीतून लहानसे छिद्र पाडून तो काढणे आजही अधिक श्रेयस्कर समजले जाते. हुलग्याच्या कढणाची कीर्ती घरोघर आहे; त्यात पोटात जाणारे पाणी गुणकारी असते यात शंका नाही, पण वेदना थांबली म्हणजे खडा गेला असे मानून कित्येकजण स्वस्थ बसतात, आणि नलिकेत अडकलेला मूक खडा इकडे मूत्रपिंड निकामी करीत राहतो. तेव्हा काढा घेणाऱ्यानेही सोनोग्राफी तहकूब ठेवू नये.

लेसरने खडा जातो, खडा होण्याची प्रवृत्ती जात नाही. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, मीठ कमी करावे, आणि कॅल्शियमच्या भीतीने दूधदही मात्र सोडू नये, कारण अन्नातील कॅल्शियम खडा घडवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवून धरते.

शेवटी वाचकास एक विनंती. या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रनलिकेत दोन्ही टोकांना वळलेली एक मऊ नळी, जिला डीजे स्टेंट म्हणतात, काही दिवसांच्या मुदतीने ठेवतात. ती दिसत नाही, त्रास कमी झाला की तिची आठवणही राहत नाही; परंतु महिनोन्महिने आत राहिल्यास तिच्यावरच खडे साचतात व तिला काढण्यासाठी पहिल्याहून मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून रुग्णालयातून घरी रवाना होण्यापूर्वी आत नळी ठेवली आहे किंवा नाही हे विचारावे, ती काढण्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी, आणि तो कागद घरातल्या आणखी एका माणसाच्या हवाली करावा.